बाबांच्या साठीसाठी संत्र्याचे मफिन: कढई, चूल आणि सात घाणे

६ फेब्रुवारी

७ मार्चला बाबांना साठ पूर्ण होतात. तारीख शाळेच्या दाखल्यावरची आहे. आजी सांगायची की जन्म होळीच्या आसपासचा, म्हणजे फार चुकलेली नसावी.

लहानपणी बाबा वरूडच्या बाजारातून येताना बेकरीतले कपकेक आणायचे. दोनच. एक मला, एक धाकट्याला. स्वतः खाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. या वेळी त्यांच्यासाठी घरी करायचे, आणि आपल्याच झाडाच्या संत्र्याचे करायचे, हे आज ठरवलं. आईला सांगितलंय, धाकट्याला सांगितलेलं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही.

नोंदी ठेवते आहे, कारण अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीकडे घरोघरी संत्री असतात आणि ओव्हन क्वचितच असतो. माझ्या अडचणी या:

ओव्हन नाही आणि त्यासाठी पैसे घालायचे नाहीत. बाबा माळकरी आहेत, तेव्हा अंडं चालणार नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या चार दाढा काढल्या, त्यामुळे मऊच हवं, दुसऱ्या दिवशीसुद्धा मऊ. आणि त्यांच्या नकळत करायचं तर ते वावरात असतानाच. आमच्या फीडरला मोटारीची लाईन, म्हणजे ओलिताच्या पंपाची वीज, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. दिवसपाळीच्या आठवड्यात मला फक्त रविवार मिळतो, कारण बाकी दिवस मी वरूडला कामावर असते. रात्रपाळीत बाबा नऊच्या सुमारास ओलीत करायला निघतात आणि पहाटे येतात. तेव्हा स्वयंपाकघर माझं.

८ फेब्रुवारी, रविवार. पहिला घाणा

मैदा घरात नव्हता, म्हणून कणीक घेतली. संत्री सोलली, फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवल्या, रस गाळला. सालीचे तुकडेही मिक्सरमधून काढून पिठात टाकले. वास छान येत होता, म्हणून जरा जास्तच टाकले. साखर, दही, तेल, सोडा घालून मिश्रण रवीने दहा मिनिटं घुसळलं. जितकं घुसळू तितकं हलकं होईल, ही माझी समजूत. चार स्टीलच्या वाट्यांत ओतून कढईत ठेवलं.

चाळीस मिनिटांनी जे निघालं ते दाबलं की परत वर येत होतं, रबरासारखं. कापल्यावर आत उभ्या लांब पोकळ्या, जणू किड्याने पोखरलं आहे. आणि कडू. पहिला घास गोड लागतो, मग जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा येतो आणि पाणी प्यायलं तरी जात नाही.

दोन चुका वेगवेगळ्या आहेत. पोकळ्या आणि रबर घुसळण्यामुळे. गव्हाच्या पिठात पाणी गेलं आणि ते मळत राहिलं की चिकाचे धागे तयार होतात. पोळीला ते हवेत, इथे नकोत. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा, थोड्या गाठी राहिल्या तरी चालतात.

कडूपणा पांढऱ्या पापुद्र्यामुळे आणि फुटलेल्या बियांमुळे. त्यांच्यातून रसात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य येतं. ते लगेच जाणवत नाही, रस ठेवला किंवा तापवला की जाणवतं. म्हणून कच्चं मिश्रण चाटून पाहिलं तेव्हा मला काही कळलं नव्हतं. घरी काढलेला संत्र्याचा रस संध्याकाळी कडू का लागतो, तेही आज समजलं.

चारही गायीला घातले. वेळ दोन तास.

१० फेब्रुवारी

कामावरून येताना वरूडला खरेदी. अ‍ॅल्युमिनियमचे सहा छोटे साचे १५० रुपये, कागदी कप ५० नग ४० रुपये, मैदा एक किलो ५०, साखर एक किलो ४६, सोडा १०, सोयाबीन तेल अर्धा लिटर ७५. बेकिंग पावडर तिथे घ्यायची विसरले, गावातल्या दुकानातून घेतली, ३५ रुपये. ती विसर मला महाग पडली, पुढच्या नोंदींत येईल.

स्टीलच्या वाट्या वापरू नका. स्टीलमधून उष्णता एकसारखी पसरत नाही, तळ पोळतो आणि कडा कच्च्या राहतात.

११ फेब्रुवारी, रात्र. दुसरा घाणा

मैदा दोन भाग, कणीक एक भाग. रस हाताने पिळला, बिया आधी काढल्या, लगेच वापरला.

सालीचं आज मोठं शिकले. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, म्हणून तर सोलायला सोपी. पण सोलून झाल्यावर ती किसायला गेलं तर हातात लुळी पडते, किसली जात नाही. तेव्हा आधी किसायचं, मग सोलायचं. संत्रं अख्खं, घट्ट धरून किसणीच्या सर्वांत बारीक बाजूवर अलगद फिरवायचं, एका जागी दोनदाच. नारिंगी गेलं आणि पिवळसर दिसायला लागलं की पुढे सरकायचं. पांढरं दिसलं तर उशीर झाला. फार पिकून पोकळ झालेलं फळ घेऊ नका, साल दबते आणि किसणी आत घुसते.

किस ओलसर असतो, किसणीला चिकटून राहतो, तो सुरीच्या बोथट बाजूने काढावा लागतो. मग साखरेत टाकून बोटांनी चोळायचा. मिनिटभरात साखर ओल्या वाळूसारखी होते, रंग फिका शेंदरी होतो, आणि वास असा सुटतो की मला परसातलं दार लावून घ्यावं लागलं. सालीतलं तेल साखरेत उतरतं, म्हणून मग किस थोडा असला तरी पुरतो.

एवढं सगळं नीट करून मफिन फुगलेच नाहीत. चार पेढे निघाले, चव चांगली पण घट्ट.

१२ फेब्रुवारी

आज बेकिंग पावडर तपासली. वाटीत कडकडीत पाणी घेऊन त्यात अर्धा चमचा टाकायची. चांगली असेल तर लगेच फसफसून फेस वर येतो. माझी तळाला जाऊन बसली. दोन-चार बुडबुडे, बस. दमट हवेत किंवा डबा नीट लागलेला नसेल तर तिच्यातला सोडा आणि आम्ल आपसात आधीच संपून जातात. खेड्यातल्या दुकानात ती महिनोन्महिने पडून असते, दुकानदाराचा त्यात दोष नाही, मागणारं कोणी नाही. पण विकत घेतल्यावर आधी तपासा. मी न तपासता एक घाणा, तीन संत्री आणि एक रात्र घालवली. वरूडहून नवी आणली, ५० रुपये. ती फसफसली.

१३ फेब्रुवारी, रात्र. तिसरा घाणा

फुगले! झाकणाच्या फटीतून चोरून पाहिलं तेव्हा साच्याच्या वर आलेले दिसले आणि मी आईला झोपेतून उठवलं.

कढईची मांडणी अशी होती: तळाला दीड किलो खडे मीठ (३० रुपये), त्यावर लोखंडी रिंग, रिंगवर छोटी ताटली, ताटलीत चार साचे. सहा मावत नाहीत. वर घट्ट झाकण. गॅस मध्यम.

तळ काळा झाला. वरचा भाग मात्र पांढराफटक आणि ओला, बोट लावलं तर चिकट. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब टपटप पडून मधोमध खड्डे पडलेले. वाफवलेल्या ढोकळ्यासारखं रूप.

तळाचं कारण कळलं: कढई रिकामी तापवलीच नव्हती, म्हणून वेळ जास्त लागतोय असं वाटलं आणि गॅस वाढवत गेले. आता आधी बारा मिनिटं मध्यम आचेवर झाकून तापवायची, साचे ठेवले की आच अगदी बारीक. वरच्या भागाचं काय करायचं ते आज सुचलं नाही. झाकणाला आतून फडकं बांधून पाहिलं तर थेंब थांबले, पण रंग आला नाही. शिवाय फडक्याचं एक टोक खाली लोंबलं आणि करपलं. फडकं बांधायचंच असेल तर गाठ झाकणाच्या मुठीवर घट्ट मारा आणि जवळून हलू नका.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. धाकटा मित्रांबरोबर सालबर्डीच्या यात्रेला गेला. घाणा नाही.

एक महत्त्वाचं काम केलं. साल पोटात जाणार, तेव्हा फवारणी शेवटची कधी झाली हे कळायला हवं होतं. बाबांना विचारलं. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "तू कधीपासून फवारणी इचारून राह्यली?" म्हणाले. मी म्हटलं, कामावरच्या एका बाईंना सालीचं उटणं करायचंय. खोटं बोलले. मग त्यांनी नीट सांगितलं: खालच्या वावरात मृगाची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या बहाराची फळं आहेत, तिथे महिना उलटून गेला. वरच्या झाडांचा ताण नुकताच तोडलाय, म्हणजे बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू केलंय, आंबियाची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या बहाराची) फुलं येताहेत, तिथलं काही तोडू नको. आणि उटण्याला द्यायचा असेल तर विहिरीजवळच्या झाडाचा संत्रा दे, त्याला यंदा काहीच मारलेलं नाही.

विहिरीजवळचं झाड माझ्या जन्माच्या वर्षी लावलेलं आहे. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेतून आणलेली जंबेरीच्या (एक रानटी लिंबू) खुंटावरची कलमं, सव्वाशे. त्यांतली चाळीसेक डिंक्याने गेली. बुंध्याची साल फुटते, डिंक गळायला लागतो, मग झाड एकेका फांदीने वाळत जातं. बाबा दरवर्षी बुंध्यांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतात, पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळी करतात, तरी भारी काळ्या जमिनीत ते पुरतं आवरत नाही. एखादं झाड तोडलं की त्या दिवशी बाबा जेवताना बोलत नाहीत.

मफिन त्याच झाडाच्या संत्र्याचे करायचे, हे आज पक्कं झालं.

बाजारातून संत्री घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: दूरच्या मंडीत जाणारा माल पुष्कळदा मेणाचं कोटिंग करून जातो. साल वापरायची असेल तर बिनकोटिंगचं, थेट बागेतलं फळ मागा. आणि कोमट पाण्यात चोळून धुवून, पुसून, मगच किसा.

२२ फेब्रुवारी, रविवार. चौथा घाणा

आठवडाभर लाईन दिवसा होती, हात लावता आला नाही. आज तेलाऐवजी साजूक तूप वापरलं. बाबांसाठी करतोय तर तुपात करू, असं वाटलं. मिश्रण आठ मफिनांचं केलं, चार आधी ठेवले, चार नंतर.

पहिले चार गरम असताना इतके चांगले लागले की आई आणि मी उभ्या उभ्या एक वाटून खाल्ला. दुसरे चार मात्र बसके. मिश्रण अर्धा तास वाट पाहत होतं. दह्यातलं आणि रसातलं आम्ल भेटलं की सोडा लगेच काम सुरू करतो, आपल्या कढईत जागा व्हायची वाट बघत नाही. तेव्हा चारच मावत असतील तर चारांचंच मिश्रण कालवायचं. कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्यात, दोन्ही मोजून निम्मं निम्मं करून ठेवायचं आणि दुसरा घाणा लावायच्या वेळीच एकत्र करायचं.

२३ फेब्रुवारी

सकाळी राहिलेला मफिन पाहिला. रात्री थंडी होती, तूप आत थिजलं आणि मफिन खव्याच्या गोळ्यासारखा टणक झाला. बाबांना हा चावता आला नसता. तूप रद्द. तेल थंडीतही पातळ राहतं, म्हणून मफिन मऊ राहतो. शेंगदाण्याचं तेल घेऊ नका, त्याचा वास संत्र्याला दाबून टाकतो. सोयाबीनच बरं.

दुपारी आईशी बोलताना वरच्या पांढरेपणाचा विषय निघाला. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मंग वरून इंगय ठेव ना. रोडगे कसे भाजते? खाले बी इस्तो, वर बी इस्तो."

दोन आठवडे मी झाकण, फडकं, गॅस यांच्याशी झगडत होते. आमच्या घरात दरवर्षी वावरात रोडगे होतात, कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या इंगळात, म्हणजे निखाऱ्यांत, वर-खाली पुरून भाजलेले, वांग्याच्या भाजीबरोबर. बाबाच भाजतात. ते समोर असून मला सुचलं नाही.

२४ फेब्रुवारी, रात्र. पाचवा घाणा

परसात चुलीवर. इंगळ बंद घरात गॅसजवळ वापरू नका, धूर कोंडतो. उघड्यावरच.

आधी पऱ्हाटी लावली आणि फसले. कपाशीच्या काड्या भडकन पेटतात आणि भसकन विझतात, आच एकसारखी राहत नाही. तुराट्यांचंही तेच. मग बाभळीची दोन लाकडं जाळून त्यांचा विस्तव केला, जाळ पूर्ण बसल्यावर कढई ठेवली. झाकणाच्या जागी लोखंडी तवा पालथा घातला आणि त्यावर दोन गोवऱ्यांचे सगळे इंगळ.

आठ मिनिटांत वरचा भाग कोळसा. आत कच्चं. तवा उचलताना तिरका झाला आणि राख चारही मफिनांवर पडली.

आई बाहेर आली, बघितलं, म्हणाली, "जयलं. पण वरून जयलं. म्हंजे वरून आच लागते, बरं झालं." तिचं बरोबर होतं. पहिल्यांदाच वरचा भाग ओला नव्हता.

२७ फेब्रुवारी, रात्र. सहावा घाणा

तीन गोष्टी बदलल्या.

तवा पालथा घालायच्या ऐवजी कढईवर काठाची लोखंडी परात ठेवली. इंगळ परातीत राहतात, राख काठाच्या आत राहते. उचलताना दोन सांडशा, दोघींनी, सरळ वर आणि मग बाजूला.

इंगळ चारच, लिंबाएवढे, परातीत पसरून. ढीग नको.

आणि इंगळ शेवटी. पहिली चौदा मिनिटं फक्त खालची आच, म्हणजे मफिन आधी पुरता फुगतो. मग वर इंगळ, आठ मिनिटं. आधीच वर आच लावली की वरचा पापुद्रा कडक होतो आणि आतलं फुगायला जागा राहत नाही, गेल्या घाण्यात तेच झालं.

फडक्याची गरजच राहिली नाही. परात तापलेली असली की वाफ तिला लागून पाणी होत नाही, थेंब पडत नाहीत.

परात उचलली तेव्हा आईच्या हातात टॉर्च होता. चार घुमट, मधे बारीक भेग, भेगेच्या कडा तपकिरी आणि बाकी रंग पुरणपोळीच्या पापुद्र्यासारखा. विणायची सुई खुपसली, कोरडी आली.

ज्यांच्याकडे चूल नाही त्यांच्यासाठी दुसरे चार गॅसवर करून पाहिले: खाली कढई बारीक आचेवर, शेजारच्या शेगडीवर लोखंडी तवा लालभडक होण्याच्या आधीपर्यंत तापवायचा आणि चौदा मिनिटांनंतर झाकण काढून तोच कढईवर ठेवायचा. चार मिनिटांनी पुन्हा तापवून पुन्हा. रंग फिका येतो, पण येतो. धुराचा वास मात्र नाही, आणि मला तो वास आवडला होता.

सकाळी बोटाने दाबून पाहिला. मऊ.

३ मार्च

होळी. दोन दिवस काही नाही. धाकट्याला आज सांगितलं, चारच दिवस राहिलेत आणि गोवऱ्या त्याच्याकडून हव्या होत्या. होळीच्या चाकोल्यांतून (होळीत टाकायच्या शेणाच्या चकत्यांतून) उरलेल्या त्याने आणून दिल्या.

५ मार्च

प्रमाण पक्कं केलं. काटा घरी नाही, म्हणून आमची स्टीलची वाटी दुकानात नेऊन मैदा तोलून घेतला. वाटी पाणी १५० मिलिलिटर, मैदा न दाबता भरला तर साधारण ८५ ग्रॅम.

आठ मफिनांना: मैदा १०० ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, घट्ट दही १०० ग्रॅम, सोयाबीन तेल ६० मिलिलिटर, ताजा रस ६० मिलिलिटर, दोन संत्र्यांचा किस, बेकिंग पावडर चहाचा एक सपाट चमचा, सोडा पाव चमचा, चिमूट मीठ. सोडा पावपेक्षा जास्त टाकू नका, एका घाण्यात हात सैल पडला तर साबणासारखी चव आली. दूध घालू नका, रसाने फाटतं. साचे दोन तृतीयांश भरायचे.

आतापर्यंतचा खर्च ४८६ रुपये. संत्री, दही, कणीक, सरपण घरचं. सहा घाण्यांत ३२ मफिन झाले, त्यांतले नीट म्हणावेत असे आठ. बाकी गायीने, धाकट्याने आणि आईने संपवले.

७ मार्च, शनिवार. सातवा घाणा

सुट्टी घेतली. लाईन दिवसाची, बाबा सकाळी सातला वावरात गेले. विहिरीजवळच्या झाडाची पाच संत्री धाकट्याने पहाटेच आणून ठेवली होती.

पहिले चार नीट निघाले. दुसऱ्या चारांच्या वेळी विस्तव मंदावला आणि मी घाबरून एक लाकूड सारलं. जाळ झाला, आईने ओढून काढलं. तळ दोघांचा जरा जास्त लागला. सहा देखणे, दोन डागी. डागी दोन आम्ही बाजूला ठेवले.

साडेबाराला बाबा आले, पाय धुतले, पाटावर बसले. जेवणाआधी ताटलीत सहा ठेवून पुढे केले. मेणबत्ती वगैरे काही लावली नाही, आईने ओवाळलं.

त्यांनी एक उचलला, हातात फिरवला, वास घेतला. पुन्हा घेतला. "हे आपल्या इहिरीवरच्या झाडाचं हाय," म्हणाले. मी विचारलं, कसं ओळखलं? त्यांनी उत्तर दिलं नाही. कागद सोलला, अर्धा तोडून तोंडात टाकला आणि डाव्या बाजूने, जिकडे दाढा आहेत तिकडे, हळूहळू चावत राहिले. मग उरलेला अर्धा. मग कागदाच्या चुण्यांत अडकलेले कण अंगठ्याच्या नखाने एकेक खरवडून काढले आणि तेही खाल्ले. आजपर्यंत कोणती गोड वस्तू त्यांनी अशी संपवलेली मला आठवत नाही.

मग म्हणाले, "उटणं झालं वाटते बाईचं."

दुसरा उचलला आणि धाकट्यापुढे धरला, तिसरा माझ्यापुढे. मी म्हटलं, बाबा, आमच्यासाठी वेगळे आहेत, हे तुमचे. ते ऐकेनात. शेवटी आईने दोन्ही परत त्यांच्या ताटलीत ठेवले आणि ताटली कपाटात झाकून ठेवली.

८ मार्च

रात्री बाबांनी आणखी एक खाल्ला, सकाळी चहाबरोबर एक. दुसऱ्या दिवशीही मऊ होता, मी विचारून घेतलं. डबा स्टीलचा, खाली कोरडं फडकं, मफिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण. गरम असताना झाकला तर वाफ धरून वरचा भाग चिकट होतो.

दुपारी त्यांनी स्वतःहून सांगितलं की साल जरा जास्त झाली, मागून कडवट लागते. आईने त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मला उलट बरं वाटलं, ते मन लावून खात होते. विहिरीजवळच्या झाडाचं फळ मोठं आहे, दोन फळांचा किस बाकीच्या अडीच फळांएवढा झाला असणार. प्रमाण सुधारते: फळ मोठं असेल तर दीडच संत्र्याचा किस.

वरच्या आचेबद्दलही बोलले. चुलीपाशी उकिडवे बसून परात पाहिली, म्हणाले, "इंगयावर पातळ राख पसरत जाय, मंग आच दमानं उतरते. रोडग्यावर नाई का करत." हे अजून करून पाहायचं आहे.

संध्याकाळी वावरातून येताना त्यांनी टोपीत तीन संत्री आणली आणि चुलीच्या ओट्यावर ठेवली. देठाला पान तसंच होतं. पुढचा घाणा येत्या रविवारी, दीड संत्र्याचा किस आणि इंगळांवर राख.